एका दारावर पाच नावं

मला जुना म्हटलंत तर मला राग येत नाही, मित्रांनो. मी जुना आहेच. राग येतो तो नावावरून. साठ वर्षांत माझ्या दारावर पाच वेळा नाव लिहिलं गेलं आणि चार वेळा खरवडलं गेलं. प्रत्येक नव्या लिहिणाऱ्याला वाटलं, आधीच्यांना लिहिता येत नव्हतं. आणि सगळे लिहीत होते तेच. अगदी तेच. चिडू नको तर काय करू?

मी ट्रे ड्रायर आहे. एक मोठं लोखंडी कपाट समजा. आत जाळीचे चोवीस ट्रे, मागे गरम हवेची कॉइल, डोक्यावर पंखा. ओला माल आत ठेवायचा, दार लावायचं, वारा फिरवायचा आणि सुका माल बाहेर काढायचा. काम एवढंच. सध्या मी तारापूरच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या एका गावात, एकनाथ नावाच्या माणसाच्या पडवीत उभा आहे. इथवर कसा आलो ते सांगतो.

माझा जन्म मोराव्हियात झाला. आज तो चेक लोकांच्या देशाचा भाग आहे. तिथे आलुबुखार, सफरचंदं, नासपती भरपूर. हिवाळा मोठा, म्हणून फळं सुकवून ठेवतात. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या दारावर काळ्या रंगात लिहिलं होतं 'सुशार्ना'. सुकवायची जागा. चेक भाषेत सुक्याला 'सुखी' म्हणतात. तुमच्या कानाला हा शब्द भलताच आनंदी वाटेल. त्याचा सुखाशी काही संबंध नाही. तो फक्त कोरडा आहे.

दहा वर्षं तिथे बरी गेली. मग माझी रवानगी पोलंडमधल्या एका फळबाग संस्थेत झाली. तिथल्या मुकादमाने माझ्याकडे एकदा पाहिलं, दारावरचं वाचलं आणि म्हणाला, "हे कोणी चुकीचं लिहिलंय?" मग पत्र्याच्या पातीने माझं नाव खरवडलं आणि पांढऱ्या रंगात लिहिलं 'सुशार्न्या'. झालं. एवढ्यासाठी माझ्या दाराची साल काढली.

हाच मुकादम सोमवारी सकाळी डोकं धरून यायचा, बादलीभर पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "सुशी म्न्ये." म्हणजे मला सुकवतंय, घशाला कोरड पडलीय. आदल्या रात्रीच्या दारूचा प्रताप. रविवारी जे प्यायला त्याचा दोष सोमवारी माझ्या शब्दावर. पण त्याच्यामुळे मला एक गोष्ट कळली. चेक, पोलिश, सर्बियन, बल्गेरियन, रशियन या सगळ्या स्लाव्ह भाषा आहेत, सख्ख्या-चुलत बहिणींसारख्या. आजीने ठेवलेला एक शब्द प्रत्येकीने आपापल्या घरी नेला, आणि प्रत्येक घरात तो थोडा थोडा बदलला. बदलला याचा मला राग नाही. दुसऱ्या घरातला शब्द ऐकला की ही मंडळी हसतात, त्याचा राग आहे.

पोलंडहून मी सर्बियात गेलो. तेव्हा त्या देशाचं नाव युगोस्लाव्हिया होतं. तिथे मला रादोय्का नावाच्या बाईने घेतलं. तिचे आलुबुखार साऱ्या खोऱ्यात प्रसिद्ध होते. तिने माझं नाव निळ्या रंगात लिहिलं, 'सुशारा'. खरवडताना तीही पुटपुटलीच, पण हात हलका होता, म्हणून मी माफ केलं. रादोय्का काट्याकडे बघत नसे. दार उघडून हात आत घालायची, हाताच्या मागच्या बाजूने वारा बघायची. आधी नुसता वारा आणि जराशी ऊब. फळाची साल सैल झाली की मग उष्णता वाढवायची. घाई केली तर साल फुटते आणि रस ट्रेवर गळतो. माझ्या साऱ्या आयुष्यात मला नीट वापरणारी जी मोजकी माणसं भेटली, त्यांत ती पहिली.

तिचा नवरा मात्र बोलका. एकदा ती गावाला गेली आणि माझी जबाबदारी त्याच्यावर आली. त्याच दिवशी पश्चिमेकडून, क्रोएशियाच्या बाजूने, एक ट्रकवाला माल न्यायला आला. त्याने विचारलं, "माल सूह आहे का?" नवरा म्हणाला, "आमच्याकडे सूव म्हणतात." ट्रकवाला म्हणाला, "सूव काय, दात पडलेत का तुमचे?" मग दोघे ओट्यावर बसले आणि ह बरोबर की व बरोबर यावर तास दीड तास वाद घातला. देश एक, रस्ता एक, शब्द एक. आत माझ्या पोटात आलुबुखार फुटून रस गळत होता, जळकट वास सुटला होता, आणि बाहेर ते दोघे आपापल्या आज्यांच्या शपथा घेत होते. मला ओरडता आलं असतं तर मी दोन्ही अक्षरं त्यांच्या डोक्यात घातली असती.

रादोय्का म्हातारी झाली, मुलाकडे शहरात राहायला गेली, आणि मी बल्गेरियात पोचलो. तिथे लाल मिरच्या आणि औषधी पाला. तिथल्या लोकांनी माझ्या दारावर हिरव्या रंगात, वेगळ्याच लिपीत लिहिलं 'सुशिल्न्या'. या वेळी निदान लिपी तरी नवी होती, खरवडण्याला काही कारण होतं. तिथे पावसाची वाट बघणारा शेतकरी एक शब्द फार जपून उच्चारायचा, 'सूशा'. म्हणजे दुष्काळ. तो शब्द आला की घरात सगळे गप्प. पुढे मला विकायला वार्ना बंदरात नेलं, तर धक्क्याला लागणाऱ्या एका जहाजावरून रशियन खलाशी हसत हसत ओरडत होता, "सूशा, सूशा." मला वाटलं, याला वेड लागलं. मग कळलं, रशियन भाषेत त्याचा अर्थ कोरडी जमीन. महिनाभर पाण्यावर काढलेल्या माणसाला जमीन दिसली होती. एकच शब्द. एकाला आभाळाकडे बघायला लावतो, दुसऱ्याला घरी आल्यासारखं वाटायला लावतो. आता यात चूक कोण आणि बरोबर कोण? कोणीच नाही. पण हे त्या ओट्यावरच्या दोघांना कोण सांगणार?

जहाजातून मी इकडे आलो. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत कांदा-लसणाच्या चकत्या सुकवण्याचा एक कारखाना होता, तिथे मला उतरवलं. चारही बाजूंनी अनोळखी भाषा. मला वाटलं, चला, निदान इथे तरी त्या शब्दापासून सुटका. पहिला घाणा टाकला, सहा तास गेले, आणि प्रीतम नावाचा ऑपरेटर दारापाशी येऊन म्हणाला, "अरे, माल सूखा क्या?"

मित्रांनो, मी थक्क झालो. मोराव्हियातल्या बाईने विचारावं तसंच. तेवढ्यात मागून फिटर आला, हातात पान्हा घेऊन. त्याने आत बघितलं आणि म्हणाला, "नाय सुकला अजून." तो एकनाथ. सुका, सुकट, सुकणं, शुष्क: तुमचे हे शब्दही त्याच घराण्यातले. हजारो वर्षांपूर्वी कधीतरी एकाच घरातून निघालेली माणसं, काही तिकडे गेली, काही इकडे आली, आणि जाताना हा शब्द दोघांनीही सोबत घेतला. मी अर्धी दुनिया पार करून आलो आणि परत शेजाऱ्याच्याच घरी पोचलो.

आनंद फार टिकला नाही. मला विकणाऱ्याच्या कागदावर 'सुशिल्न्या' असं इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, तेव्हा हार घालताना प्रीतमने हिरवं नाव खरवडून माझ्या दारावर लाल ऑइलपेंटने लिहून टाकलं, 'सुशीला'. नंतर वीस वर्षं, "सुशीला आज गरम नहीं हो रही", "सुशीला का पंखा देखो भाऊ". मी काय बोलणार? जे सांगायचं ते पंख्याच्या खडखडाटातून सांगितलं. तो खडखडाट एकनाथने दर वेळी तेल घालून बंद केला.

एकनाथ समुद्राकाठच्या गावातून शिफ्टच्या बसने यायचा. कमी बोलायचा. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसून डबा उघडायचा. त्यात सुक्या बोंबलाची चटणी असायची आणि कांद्याच्या त्या सगळ्या वासातही तिचा वास वेगळा यायचा. चटणी त्याच्या बायकोची, जमनाची. बोंबीलही तिनेच सुकवलेले.

एका दसऱ्याला घरच्यांना कारखाना बघायला सोडलं होतं. जमना आली. बाकीच्या बायका मोठ्या नव्या यंत्रांपाशी गेल्या. ही माझ्यापाशी थांबली, दार उघडलं आणि हात आत घातला, हाताची मागची बाजू वर करून. मला एकदम रादोय्काचा निळा रंग आठवला.

"ह्याच्यात वारा हाय," ती म्हणाली. "ह्याला आमच्या खळ्यावर आणा. अवकाळी पाऊस आला का सगळी मासळी कुजून जाते."

"हा कांद्याचा हाय," एकनाथ म्हणाला.

"कांदा काय नि बोंबील काय, पाणीच काढायचं ना?"

"तुला काय कळतंय मशीनमदलं."

"मशीनमदलं नाय कळत. सुकवायचं कळतंय. तुमाला बोंबलातलं काय कळतंय ते सांगा."

एकनाथ हसला. विचारलं मात्र काही नाही. तिला काय काय कळतंय हे त्याने त्या दिवशी विचारायला हवं होतं, आणि पुढची दहा वर्षं रोज विचारायला हवं होतं. नाही विचारलं. बोंबील घरात सुकून यायचे, चटणी डब्यात यायची. आपोआप होतं असं त्याला वाटायचं.

गेल्या वर्षी ज्येष्ठात जमना वारली. तापाचं निमित्त झालं. एकनाथ पंधरा दिवसांनी कामावर आला, माझ्यापाशी उभा राहिला आणि घट्ट असलेलाच एक बोल्ट पुन्हा घट्ट केला. मग डब्याच्या वेळी बाहेर जाऊन वडापाव खाल्ला. त्यानंतर रोज वडापाव.

पुढे कारखान्यात स्टीलचा नवा ड्रायर आला आणि मला भंगाराच्या ढिगाशेजारी उभं केलं. एकनाथचीही निवृत्ती आली होती. त्याने साहेबाला सांगितलं, मला दुसरं काही नको, हा द्या. टेम्पोत घालून मला गावी आणलं आणि पडवीत उभं केलं. तीनपैकी दोन कॉइल काढून घरच्या विजेवर चालेल असं जोडलं. फिटर म्हणून माणूस उत्तम. हे मी मान्य करतो.

आता या गावचा रिवाज सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. समुद्राकाठी मोकळी जागा आहे, तिला खळं म्हणतात. तिथे बांबू रोवून दोऱ्या बांधतात, ती वलांडी. तिच्यावर बोंबील सुकतात. पुरुषांनी पकडायचं, बायकांनी सुकवायचं. खळ्यावर प्रत्येक घराची जागा ठरलेली आणि ती बाईच्या नावाने ओळखली जाते. 'जमनाची जागा', 'नवसीची जागा'. कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ. आणि सुतकाचं एक वर्ष सोडलं तर, दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी ज्या घराचा एकही बोंबील दोरीवर दिसत नाही, त्या घराची जागा जिला जागा नाही अशा बाईला मिळते. या वर्षी अशी बाई होती हेतल, नवीनच लग्न होऊन आलेली, तोवर नवसीच्या दोरीवर सुकवणारी. चांगली मुलगी. तिचा दोष काही नाही.

एकनाथला ती जागा जाऊ द्यायची नव्हती. घरातलं बाकी सगळं, लुगडी, चपला, टोपल्या, त्याने लेकीला, तेजलला, नेऊ दिलं होतं. फक्त ही जागा तो धरून बसला होता. पण खळ्यावर जाऊन बायकांमध्ये उभं राहायची लाज. म्हणून मी. पडवीत दार लावून गुपचूप बोंबील सुकवायचे आणि तयार माल नेऊन टाकायचा, असा त्याचा बेत.

आणि इथून माझा खरा संताप सुरू होतो.

पहिल्या दिवशी त्याने बोंबील ट्रेवर ओळीने निजवले आणि काटा सत्तर अंशांवर लावला. सत्तर. कांद्याला लावायचा तेवढा. अरे, बोंबील म्हणजे पाण्याची पिशवी. तासाभरात लगदा झाला, दुपारपर्यंत जाळीला चिकटून काळा पडला. मी पंखा खडखडवला. त्याने तेल घातलं.

दुसऱ्या वेळी साठ. बाहेरून कडक, आतून कच्चे, आणि वर लसणाचा वास. शेजारची नवसी कुंपणाशी उभी राहून बघत होती. नवसी म्हणजे जमनाची मैत्रीण, खळ्यावर तिच्याच बाजूला बसणारी.

"भावजी, शिजवताय का सुकवताय?" तिने विचारलं. "शिजवत असाल तं भात टाकते."

"बघतोय जरा. सेटिंग लावतोय."

"सेटिंग. बरं बरं. आमची जमना तीस वर्सं बिगरसेटिंगची होती."

एकनाथने दार लावून घेतलं. मला तिला आत बोलवायचं होतं. सत्तर, साठ, हे आकडे सोड, त्या बाईला विचार, असं मला सांगायचं होतं. पण बाई कुंपणाशी उभी असताना हा माणूस काट्याशी बोलत होता. ही खोड मी पाच देशांत बघितली.

तिसऱ्या वेळी त्याने पन्नासपेक्षा कमी ठेवलं, वारा वाढवला, आणि दोन दिवसांनी बोंबील खरंच सुकले. सरळ, लांब, काठीसारखे. तो इतका खूश झाला की तशीच टोपली उचलून भर सकाळी खळ्यावर गेला. पडवीपासून खळं शंभर पावलांवर आहे, मला सगळं दिसतं आणि ऐकू येतं.

नवसीने टोपलीत हात घातला, एक बोंबील वर काढला. "सुकलाय चांगला. जोडी कुठं हाय?"

"कसली जोडी?"

खळ्यावरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा मला कळलं, आणि त्यालाही कळलं. बोंबील दोरीवर एकटा टांगत नाहीत. ओला असतानाच दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची, दातात दात धरून. मग एक दोरीच्या या बाजूला, एक त्या बाजूला. तेव्हा कुठे वाऱ्यात टिकतात. समुद्राकाठी जन्मलेला, आयुष्यभर बोंबील खाल्लेला माणूस, आणि दोरीवर ते राहतात कसे हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांसमोरून गेलं असेल, पण नीट बघितलं नव्हतं. त्याने तिथेच दोन सुके बोंबील घेऊन तोंडं अडकवायचा प्रयत्न केला. जबडे कटकन मोडले. दोन-तीन बायका हसल्या.

"एकेकटा बोंबील दोरीवर राहत नाय, भावजी," नवसी म्हणाली. आणि म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली. हसणाऱ्यांनी आपापल्या टोपल्या पुढे ओढल्या. एकनाथ टोपलीकडे बघत उभा राहिला.

मग नवसीनेच टोपली बाजूला सारली. "हात धुवा. बसा हितं. हितं नाय, जमनाच्या फळीवर बसा."

तो बसला. रस्त्याकडेला गावातला जिवल्या जाळं विणत होता. त्याला राहवलं नाही. "काय एकनाथ, लुगडं आणून देऊ का?"

"जिवल्या," नवसी मान वर न करता म्हणाली, "तुझी बायको माहेरी गेली का तू जाळं शिजवून खातो. गप विणत बस."

सलग तीन दिवस सकाळी एकनाथ त्या फळीवर बसला. बोंबलाचे दात सुईसारखे असतात. पहिल्या दिवशी त्याची बोटं सगळी फुटली. पान्हा फिरवणाऱ्या हाताला इतका हलका जोर माहीत नव्हता. एकतर जबडा मोडायचा, नाहीतर सुटायचा. शेवटी हेतलने जवळ येऊन दाखवलं, "काका, दाबू नका. गालाला धरा, आपोआप उघडतो. असा." ज्या मुलीला ती जागा मिळायची होती, तिनेच. मी माणसांवर चिडतो खरा, पण अशा वेळी माझी पंचाईत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने दोन दोऱ्या भरल्या. आणि आभाळ भरून आलं. पाडव्याला चार दिवस राहिले होते.

पाऊस लागला तो थांबेना. सगळ्यांची ओली मासळी ताडपत्रीखाली. बोंबील ताडपत्रीत दुसरा दिवस काढत नाहीत. उमरोळीहून तेजल दिवाळीला आली होती. एकनाथ पडवीत बसून बांबू तासत होता. माझे चोवीस ट्रे काढून त्याने भिंतीला लावले होते, त्यांच्या जागी दांड्या बसवायच्या होत्या, जोड्या टांगायला. हे त्याला कोणी सांगितलं नाही, त्याचं त्याला सुचलं. साठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मालाप्रमाणे मला बदलत होतं.

तेजल माझ्या दारावरचा सुटलेला रंग नखाने काढत होती. "बाबा, ह्याच्याखाली अजून अर्धवट खरवडलेली नावं हायेत." तिने फोन धरला, फोटो काढले, बराच वेळ वाचत बसली. "हे चेक. हे पोलिश. हे सर्बियन. ही वरची लिपी बल्गेरियन. आणि बाबा, सगळ्यांचा अर्थ एकच हाय. सुकवायची जागा. आपलं सुकं आणि हे, मुळात एकच शब्द हाय म्हणे."

नवसी डोक्यावर इरलं घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं.

"म्हंजे खळं," ती म्हणाली.

"हो, तसंच."

"मग एवढी लिवालिव कशाला केली? खळं बोलायचं." तिने काखेतली टोपली खाली ठेवली. तिच्यात तिच्या, हेतलच्या आणि एकनाथच्या, सगळ्यांच्या ओल्या जोड्या होत्या. "भावजी, तुमच्या ह्या खळ्यात जागा हाय का?"

चार देश, दोन लिप्या, शाळा शिकलेले मुकादम आणि ट्रकवाले. माझ्या नावाचा नेमका अर्थ लावला तो शाळेत न गेलेल्या बाईने, तेही पावसात उभं राहून. मी इतकी वर्षं कोणावर चिडत होतो, असं मला वाटून गेलं. पण फार वेळ नाही, कारण एकनाथ पुन्हा काट्याकडे हात नेत होता.

"त्याला नका विचारू," नवसी म्हणाली. "हात घाला आत. जमना काय बोलायची? पयला वारा. वारा लागला का मग ऊब."

एकनाथने हात आत घातला, मागची बाजू वर करून. बराच वेळ तसाच ठेवला. मग पंखा लावला, कॉइल नाही. दुपारनंतर थोडी ऊब दिली. तीन दिवस माझ्यातून बोंबलाचा वास सगळ्या गल्लीत गेला, आणि मी साऱ्या आयुष्यात इतकं नीट काम केलं नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी ऊन पडलं. एकनाथने जोड्या टोपलीत भरल्या आणि शंभर पावलं चालत खळ्यावर गेला. जिवल्याने वर बघितलं आणि जाळं ओढून वाट मोकळी केली. एकनाथने एकेक जोडी दोरीवर टाकली, एक इकडे, एक तिकडे. माल थोडा होता, शेवटची दोरी रिकामी राहिली. ती हेतलने आपल्या जोड्यांनी भरली. कोणी हरकत घेतली नाही.

नवसी कमरेवर हात ठेवून बघत होती. "बरं, जागा ऱ्हायली. आता हिला एकनाथाची जागा बोलायचं का?"

"नाय," एकनाथ म्हणाला. "जमनाचीच बोला."

मित्रांनो, शब्द बदलतात. सुखी, सूह, सूव, सूखा, सुका. दूर गेले की बदलायचेच, त्यावर भांडून माल जाळू नका. मला सुशीला म्हणा, खळं म्हणा, मी काम करीन. महिन्यातून एकदा पंख्याच्या बेअरिंगला तेल घाला, एवढंच मागणं. पण तुमच्या घरात कोणाच्या तरी हाताला एखादं काम येत असेल, रोजचं, साधं, आपोआप होतंय असं वाटणारं, तर आज त्या माणसाशेजारी बसा आणि ते कसं करतात हे विचारा. बोटं फुटली तरी शिका. तो माणूस हयात असताना विचारलंत तर एका सकाळीत कळतं. नंतर सत्तर अंश, मग साठ अंश, असं जाळत जाळत शोधावं लागतं.